पाच निवडणुका, तीन निशाण्या

तलासरीकडच्या एखाद्या पाड्यावरचा, आजोबांपासून लाल बावट्याला, म्हणजे कम्युनिस्टांना, मत देत आलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. गेल्या काही वर्षांत मतदानयंत्रावर त्याचं बोट कुठं कुठं गेलं ते पाहू. २८ मे २०१८ला पालघर लोकसभेची पोटनिवडणूक होती. बोट नेहमीप्रमाणे विळा-हातोडा-ताऱ्यावर गेलं. २९ एप्रिल २०१९ला पुन्हा लोकसभा. या वेळी यंत्रावर विळा-हातोडा नव्हताच. पक्षाच्याच कार्यकर्त्यांनी घरी येऊन सांगितलं होतं, औंदा रिक्षासमोरचं बटण. सहा महिन्यांनी, २१ ऑक्टोबरला विधानसभा, तेव्हा विळा-हातोडा परत आला. २० मे २०२४च्या लोकसभेला तो पुन्हा गायब, आणि आता सांगणं होतं मशालीचं. २० नोव्हेंबर २०२४च्या विधानसभेला तो परत हजर.

साडेसहा वर्षांत पाच मतदानं आणि तीन निशाण्या. माणूस तोच, आणि त्याला विचारलं तर तो म्हणेल, मी पक्ष कुठं बदलला? त्याचं म्हणणं खरं आहे. बदलत होती ती आघाडी.

मला या गोष्टीचं फार नवल वाटतं. आघाड्या टिकत नाहीत अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. पण मुळात त्या घडतात कशा? एरवी एकमेकांविरुद्ध घसा कोरडा करणारे पक्ष हजारो घरांतल्या हजारो बोटांना एका दिवसापुरते दुसरीकडे वळवतात. हे कसं जमतं, कुठं जमतं आणि कुठं जमत नाही, हे पाहायला पालघरइतकी चांगली जागा महाराष्ट्रात दुसरी नसेल.

आधी निवडणूक-पद्धतीची गोष्ट. आपल्याकडे एका मतदाराला एकच मत असतं, आणि ज्याला सगळ्यांत जास्त मतं तो निवडून येतो. निम्मी मतं मिळायलाच हवीत अशी अट नाही. अशा पद्धतीत लहान पक्षांना एकत्र येण्याची ओढ लागते, नाहीतर ते झिजत जातात, असं मोरिस द्युव्हर्जे या फ्रेंच अभ्यासकाने १९५१मध्ये मांडलं. त्याच्या स्वतःच्या देशात मात्र मतदान दोन फेऱ्यांत होतं. २०२४च्या उन्हाळ्यात तिथं संसद अचानक बरखास्त झाली, तेव्हा समाजवादी, कम्युनिस्ट, हरित आणि इतर डाव्या पक्षांनी काही दिवसांत एक आघाडी उभी केली. पहिल्या फेरीत कोण किती पाण्यात आहे ते सगळ्यांना कळलं. मग दुसऱ्या फेरीआधी डाव्या आणि मधल्या पक्षांच्या दोनशेहून अधिक उमेदवारांनी अतिउजव्यांना रोखण्यासाठी माघार घेतली. म्हणजे फ्रेंच मतदार पहिल्या रविवारी मनातलं मत देतो आणि दुसऱ्या रविवारी हिशेबाचं. आपल्या मतदाराला ही दोन्ही कामं एकाच बटणात उरकावी लागतात, आणि त्याच्या वतीने हिशेब आधीच करून ठेवायची जबाबदारी पक्षांवर येते. जागावाटपाच्या बैठका म्हणजे आपली न झालेली पहिली फेरीच.

आणखी एक गंमत सांगतो. निवडणूक आयोगाकडे पक्षाची नोंदणी होते, आघाडीची नाही. लोकसभा-विधानसभेच्या आघाडीला कायद्यात ना नाव, ना निशाणी. एबी फॉर्म देतो तो पक्षच. पण महाराष्ट्राच्या स्थानिक संस्थांसाठी १९८६चा जो अपात्रतेचा कायदा आहे, त्यात 'आघाडी' हा शब्द व्याख्येसह आहे. नगरपालिकेत आघाडीला कायदा ओळखतो, लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत नाही. तिथं ती फक्त माणसांच्या शब्दावर उभी असते.

आता ३१ मे २०१८. त्या दिवशी देशात अनेक ठिकाणी पोटनिवडणुकांची मतमोजणी झाली. उत्तर प्रदेशात कैरानाला राष्ट्रीय लोकदलाच्या तबस्सुम हसन उभ्या होत्या. समाजवादी, बसप आणि काँग्रेस त्यांच्या पाठीशी होते, आणि त्या जिंकल्या. आपल्याकडे भंडारा-गोंदियात काँग्रेसने जागा राष्ट्रवादीला सोडली, आणि मधुकर कुकडे जिंकले. आणि पालघरला?

पालघरचे भाजपचे खासदार चिंतामण वनगा जानेवारीत वारले होते. राज्यात भाजप आणि शिवसेना एकत्र सत्तेत होते, पण इथं शिवसेनेने वनगांचे चिरंजीव श्रीनिवास यांना आपल्या धनुष्यबाणावर उभं केलं. भाजपने काँग्रेसमधून राजेंद्र गावित आणले. सत्ताधारी फुटले होते, तरी विरोधकही तिघे तीन वाटांनी गेले. गावितांना २,७२,७८२ मतं पडली, वनगांना २,४३,२१०. बहुजन विकास आघाडीच्या बळीराम जाधवांना २,२२,८३८, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या किरण गहला यांना ७१,८८७ आणि काँग्रेसच्या दामोदर शिंगडा यांना ४७,७१४. शेवटच्या तिघांची बेरीज करून पाहा. ३,४२,४३९ होते, विजेत्यापेक्षा जवळजवळ सत्तर हजारांनी जास्त.

अर्थात राजकारणात बेरीज इतकी सरळ चालत नाही. बहुजन विकास आघाडीला डावं म्हणणंही धाडसाचं. वसई-विरारच्या स्थानिक सत्तेवर उभा राहिलेला तो पक्ष. नावातच आघाडी असली, तरी तो हितेंद्र ठाकूर यांच्या भोवतीचा एकसंध पक्ष आहे. त्याचे मतदार लाल बावट्याकडे गेले असते का, हा प्रश्न उरतोच. तरीही हा आकडा विरोधकांना झोंबला असणार, कारण पुढच्याच वर्षी ते एकत्र आले. काँग्रेस-राष्ट्रवादीने जागा बळीराम जाधवांना सोडली, आणि मार्क्सवाद्यांनी उमेदवार न देता पाठिंबा दिला. जाधवांच्या पक्षाला त्या वेळी नेहमीची शिट्टी मिळाली नाही, रिक्षा मिळाली. म्हणजे जी निशाणी चौघांपैकी कुणाचीच नव्हती, तिच्यामागे चार पक्षांनी आपापली माणसं उभी केली. मला हे थक्क करणारं वाटतं. आणि त्याहून थक्क करणारा निकाल असा की जाधवांना ४,९१,५९६ मतं मिळाली. आदल्या वर्षीच्या तिघांच्या बेरजेपेक्षा जवळजवळ दीड लाख जास्त!

तरी ते ८८,८८३ मतांनी हरले, कारण दरम्यान भाजप आणि शिवसेनेनेही जुळवून घेतलं होतं. जागा शिवसेनेकडे गेली, आणि जागेबरोबर उमेदवारही गेला. तेच गावित आता धनुष्यबाणावर लढले आणि ५,८०,४७९ मतं घेऊन दिल्लीला गेले.

२०२४ला, शिवसेना फुटल्यावर, महाविकास आघाडीकडून तिच्या ठाकरे गटाच्या भारती कामडी मशालीवर उभ्या राहिल्या, मार्क्सवादी त्यांच्यासोबत होते. बहुजन विकास आघाडीने मात्र आपले बोईसरचे आमदार राजेश पाटील वेगळे उभे केले. भाजपचे हेमंत सवरा ६,०१,२४४ मतं घेऊन जिंकले. कामडींना ४,१७,९३८ आणि पाटलांना २,५४,५१७. त्या दोघांची बेरीज पुन्हा विजेत्यापेक्षा एकाहत्तर हजारांनी मोठी.

हे तीन निकाल शेजारी शेजारी ठेवले की एक गोष्ट लक्षात येते, जी एकेका निकालात दिसत नाही. २०१८ला समोरचे फुटलेले आणि आपणही फुटलेले. २०१९ला आपण जुळलो तर तेही जुळलेले. २०२४ला ते जुळलेले आणि आपण पुन्हा फुटलेले. दार एकदाच उघडलं होतं, आणि त्या वेळी उंबऱ्यावर तिघे एकमेकांना अडवत उभे होते. आघाडीचा खरा शत्रू मतभेद असतोच असं नाही. पुष्कळदा ती फक्त एक वर्ष उशिरा येते.

'आपण' असं लिहून गेलो खरा. पण मी कुणाच्या बाजूने आहे हा इथं मुद्दा नाही. विखुरलेली माणसं एकत्र येताना पाहून मला बरं वाटतं, एवढंच.

या भागात हा खेळ नवा नाही. मे १९४५मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात वारली आदिवासी जमले आणि सावकार-जमीनदारांची वेठ करायची नाही असं त्यांनी ठरवलं. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होते. पुढे गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये तो काळ लिहून ठेवला. लाल बावटा रुजला तो तेव्हा. पण बावटा रुजणं आणि निवडणूक जिंकणं या दोन वेगळ्या गोष्टी. दुसरी घडली १९५७ साली, आणि ती आघाडीमुळे.

संयुक्त महाराष्ट्र समिती ६ फेब्रुवारी १९५६ला पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरात स्थापन झाली. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन ही एकमेकांना पाण्यात पाहणारी मंडळी. प्रजासमाजवादी एस. एम. जोशी आणि कम्युनिस्ट डांगे एका व्यासपीठावर बसायला तयार झाले, कारण मागणी एकच होती, मुंबईसह मराठी राज्य. त्या काळी ठाणे हा लोकसभेचा दुहेरी मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, एक आदिवासींसाठी राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं. बटण नव्हतंच, निशाणीवर शिक्का मारणंही नव्हतं. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, तिच्यावर त्याची निशाणी, आणि मतपत्रिका त्या पेटीत टाकायची. या ठाण्यातून दोन्ही जागांवर कम्युनिस्ट निवडून आले, शामराव परुळेकर आणि लक्ष्मण महादू माटेरा.

हातातल्या दोन कागदांपैकी एक बाहेरून येऊन इथलाच होऊन गेलेल्या माणसासाठी आणि एक आपल्यातल्या माणसासाठी. वेठबिगारी मोडून जेमतेम बारा वर्षं झाली होती. मला त्या पेट्या पाहायला मिळाल्या असत्या तर!

१ मे १९६०ला राज्य मिळालं, आणि समितीचा पाया निघाला. ठेवायची की मोडायची यावर वाद झाला, प्रजासमाजवादी बाहेर पडले. १९६२च्या पहिल्या निवडणुकीत काँग्रेसने २६४पैकी २१५ जागा जिंकल्या. शेकापला १५, प्रजासमाजवाद्यांना ९, कम्युनिस्टांना ६. पाच वर्षांपूर्वी द्विभाषिक मुंबई राज्याच्या सरकारला हादरे देणारी शक्ती अशी सुटी सुटी झाली. याला अपयश म्हणायला माझं मन तयार होत नाही. ज्या कामासाठी जमले होते ते काम झालं होतं. याच्या उलट बेळगावकडे पाहा. महाराष्ट्र एकीकरण समिती खंगली, गटांत विभागली, पण मोडली नाही, कारण तिची एकुलती एक मागणी, तो भाग महाराष्ट्रात यावा ही, अजून अपुरी आहे. आघाडीचं आयुष्य तिच्या मागणीएवढं असतं. जागा ही मागणी असेल तर मतमोजणीच्या संध्याकाळपर्यंत.

पालघरच्या किनाऱ्यावरही याचं उदाहरण आहे. वाढवण बंदराला डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने १९९८मध्ये नकार दिला होता. जून २०२४मध्ये केंद्राने त्याच जागी सुमारे ७६ हजार कोटींच्या बंदराला मंजुरी दिली. या सगळ्या काळात बंदराविरुद्ध एकत्र आलेले मच्छीमार आणि बागायतदार इथल्या बहुतेक निवडणूक आघाड्यांपेक्षा जास्त वर्षं टिकून राहिले आहेत.

निवडणुकीच्या आघाड्यांकडे परत यायचं तर १९७७ची गोष्ट सांगायलाच हवी. आणीबाणीनंतरच्या लाटेत जनता पक्षाशी समझोता करून मार्क्सवाद्यांनी महाराष्ट्रातून तीन खासदार निवडून आणले. मुंबईतून अहिल्या रांगणेकर, बीडमधून गंगाधर अप्पा बुरांडे, आणि इथल्या डहाणूतून लहानू कोम. जनता पक्ष १९७९मध्ये फुटला, आणि १९८०ला डहाणूत कोम यांच्या जागी काँग्रेसचे दामोदर शिंगडा आले. हेच शिंगडा अडतीस वर्षांनी, २०१८च्या पोटनिवडणुकीत आपल्याला भेटले. २००९ला पालघर लोकसभेला तर कोम आणि शिंगडा दोघंही रिंगणात होते, आणि त्या गर्दीतून बळीराम जाधव साधारण बारा हजारांच्या फरकाने खासदार झाले. त्याच वर्षी विधानसभेला रिपब्लिकन गट आणि डाव्यांची 'रिडालोस' नावाची आघाडी निघाली होती. आज ते नाव किती जणांना आठवतं? तिचा एक मोठा चेहरा, रामदास आठवले, २०११मध्ये शिवसेना-भाजपसोबत गेले.

बोईसरकडे आलं की चित्र पालटतं. सकाळी स्टेशनबाहेर पाहा. तारापूर एमआयडीसीच्या पाळीला निघालेली माणसं, कुणी उत्तर प्रदेशातून, कुणी बिहारमधून, कुणी ओडिशातून, कुणी विदर्भातून. पलीकडे समुद्राला लागून १९६९पासून वीज देणारं अणुऊर्जा केंद्र. त्याच्या विस्तारासाठी उठवलेली अक्करपट्टी, पोफरण ही गावं. मनोरकडच्या टेकड्यांतले पाडे. इथला मतदार दोन-चार वर्षांत खोली बदलतो, नाव यादीत एका बूथवर आणि राहणं दुसऱ्या गल्लीत. अशा ठिकाणी संघटनेची मुळं खोल जायला अवघड, म्हणून माणूसच निशाणी होतो. विलास तरे २००९ आणि २०१४ला बहुजन विकास आघाडीकडून इथले आमदार झाले. २०१९ला ते धनुष्यबाणावर गेले आणि आपल्याच जुन्या पक्षाच्या राजेश पाटलांकडून २,७५२ मतांनी हरले. २०२४ला बहुजन विकास आघाडी आणि महाविकास आघाडी वेगवेगळ्या लढल्या, आणि तरे पुन्हा आमदार झाले. त्याच दिवशी खाली वसईत हितेंद्र ठाकूर ३,१५३ मतांनी पडले. तिथंही काँग्रेसचा उमेदवार वेगळा होता, आणि त्याला साठ हजारांच्या वर मतं होती.

मग डहाणूच एवढं वेगळं का? २०१९च्या विधानसभेला तिथं काँग्रेस-राष्ट्रवादीने जागा मार्क्सवाद्यांना सोडली, आणि विनोद निकोले यांनी भाजपचे पास्कल धनारे यांना ४,७०७ मतांनी हरवलं. पाच वर्षं गेली. समोर भाजप तोच, पण उमेदवार दुसरे, विनोद मेढा. बाजूला उभे राहणारे मित्रही बदलले होते, आता त्यांत ठाकरेंची शिवसेना होती. ज्या शिवसेनेचा पहिला आमदार, वामनराव महाडिक, १९७०मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांच्या हत्येनंतरच्या पोटनिवडणुकीत, देसाईंच्या पत्नीला हरवून निवडून आला होता, तीच ही शिवसेना. चोपन्न वर्षांनी तिचे कार्यकर्ते विळा-हातोड्यासाठी डहाणूत फिरले. त्याआधी सहा महिने बावटेवाले मशालीसाठी फिरले होते. निकोले पुन्हा आले, ५,१३३ मतांनी.

आधी चार हजार सातशे सात, मग पाच हजार एकशे तेहतीस. मित्र बदलले, फरक जवळपास तोच राहिला. याचा अर्थ मला असा लागतो की डहाणूत आघाडी एका रुजलेल्या झाडाभोवती बांधली जाते. बाकीचे आपापली काही हजार मतं घेऊन त्याच्या सावलीत येतात, आणि तेवढ्यानं तराजू कलतो. लोकसभेच्या मतदारसंघात असं एकच झाड नाही. तलासरीचा पाडा, जव्हारचा डोंगर, बोईसरची चाळ आणि पाच लाखांहून अधिक मतदारांचं नालासोपारा एकाच उमेदवाराच्या नावात बसवायचं असतं. तलासरीत बावटेवाला सांगतो त्याचं ऐकतात. नालासोपाऱ्यात त्याला ओळखणारं कोण?

आणि सांगणं म्हणजे नेमकं काय, हे पाहण्यासारखं असतं. मुंबईत जागावाटप जाहीर होतं तेव्हा आघाडी कागदावर असते. ती खरी होते ती मतदानाच्या आदल्या आठवड्यात, संध्याकाळी, एखाद्या ओटीवर. कार्यकर्त्याच्या हातात यंत्राची पुठ्ठ्यावर छापलेली नक्कल असते. तो बोट ठेवून दाखवतो, आपली निशाणी या वेळी नाही, वरून इतक्या नंबरवर ही आहे. म्हातारी विचारते, बावटा कुठं गेला? तो म्हणतो, बावटा आहेच, या वेळेपुरतं इकडं. म्हातारी पुन्हा विचारते, मग पुढच्या वेळी? तो पुठ्ठा दुमडतो आणि पुढच्या घराकडे निघतो, कारण अंधार पडायच्या आत अजून बरीच घरं व्हायची असतात.